घोट्यावरचा ठिपका

२ फेब्रुवारी, सोमवार

"माणसांवर ओरडण्यापेक्षा कागदावर ओरडा," असं म्हणून हिने ही कोरी डायरी माझ्यापुढे आपटली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. बरं. कागदावर तर कागदावर.

भिंगरीचे नवे बूट आज आले. अकरा वर्षांची पोर. पाय फुटल्यापासून सरळ म्हणून चालली नाही, दर चार पावलांवर एक गिरकी, म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं. गेल्या वर्षी जिन्यावरून पडली आणि उजव्या मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण आखूड जुळलं. आता त्या नावाने हाक मारताना माझी जीभ अडखळते, पण दुसऱ्या नावाला ती ओ देत नाही.

डॉक्टरांनी कार्ड बघून सांगितलं होतं, "फरक फक्त शून्य पूर्णांक नऊ. एक सेंटीमीटरसुद्धा नाही. उजव्या बुटाची टाच तेवढी वाढवून घ्या, विषय संपला." मी त्याच पावली बूटवाल्याकडे गेलो. नऊ मिलिमीटर म्हटल्यावर तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी परकी भाषा बोलतोय.

"साहेब, आम्हाला सुतात सांगा."

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हिशोब माझ्या पाचवीला पुजलेला आहे. म्हटलं, "तीन सूत, अंमळ कमी."

"अंमळ माझ्या पट्टीवर नाही. तीन करतो. थोडं जास्तच बरं असतं."

तर ते तीन सुतांचे बूट घालून भिंगरी आज दारापर्यंत गेली आणि परत आली. पहिल्यासारखीच लंगडत. कंबर तशीच एका बाजूला पडते. मी बूटवाल्याला जाऊन झापलं. तो म्हणतो, "बूट मापाबरहुकूम आहे. माप तुमचं." नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

५ फेब्रुवारी, गुरुवार

बूटवाल्याचं अंगण सरळ होतं. हे लिहायला जड जातंय, पण ही डायरी दुसरं कोण वाचणार आहे!

आज पुन्हा दवाखान्यात गेलो. तिथल्या मदतनीस बाईंनी माझ्यासमोर टेप लावला. टेपची एक बाजू इंचाची, दुसरी सेंटीमीटरची. सेंटीमीटरची बाजू हाताळून पुसट झाली आहे, म्हणून बाई बिनधास्त इंचात मोजतात. आणि कार्डावर लिहितात नुसता आकडा. पुढे इंच की सेंटीमीटर, काही नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "चौकट केवढीशी आहे बघा ना. तिथे काय काय लिहू?" डॉक्टरांनी तो आकडा सेंटीमीटर समजून वाचला. शून्य पूर्णांक नऊ इंच म्हणजे जवळजवळ तेवीस मिलिमीटर! मी पंपांच्या कारखान्यातला ड्राफ्ट्समन, दिवसभर ऑफिसात लोकांच्या इंचांचे मिलिमीटर करत बसतो आणि माझ्या स्वतःच्या मुलीच्या पायावर हा घोळ.

डॉक्टरांनी माफी मागितली, हे खरं. मग खुर्ची पुढे ओढून नीट सांगितलं. दोन सेंटीमीटरच्या आत फरक असेल तर बुटावर भागतं. वर असेल तर ऑपरेशन.

"उजव्या पायाचं?" मी विचारलं.

"डाव्या."

"अहो, डावा चांगला आहे."

"म्हणूनच. मोडलेला पाय लांब करत बसणं म्हणजे पोरीला फार मोठं दुखणं. त्यापेक्षा डाव्या गुडघ्याजवळची वाढ थांबवायची. उजवा वाढत राहील आणि डाव्याला गाठेल. पण हे तिची उंची वाढते आहे तोवरच जमतं. नंतर नाही."

आखूड लांब होत नाही म्हणून लांब आखूड करायचं! कुणी ड्रॉइंगवर असं केलं असतं तर मी तो कागद त्याच्या तोंडावर फेकला असता. धडधाकट पायाला सुरी लावायची?

निघताना डॉक्टर म्हणाले, मोडलेलं हाड कधी कधी जुळल्यानंतर काही दिवस दुसऱ्यापेक्षा भराभर वाढतं. म्हणून जूनपर्यंत थांबू, मग मोठ्या हॉस्पिटलात मापाची एक्स-रे फिल्म काढू, तिच्यावर ठरवू. म्हणजे तेवीसाचे वीस व्हायला हवेत. तीन मिलिमीटर. माझ्या पेन्सिलीच्या चार रेघा शेजारी शेजारी काढल्या तर होतील एवढे.

८ फेब्रुवारी, रविवार

आजपासून माप मी घेणार. दर रविवारी, आंघोळ आणि नाश्ता झाल्यावर, जेवणाच्या टेबलावर, माझ्या पोलादी टेपने. कापडी टेप ताणला जातो. पोलाद खोटं बोलत नाही.

टेप नंतर, आधी बिंदू. ऑफिसात नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो. जिथून मोजायचं तो बिंदू हलला की पुढचं सगळं माप फसलं. म्हणून भिंगरीच्या अंगावर न पुसणाऱ्या निळ्या शाईचे चार ठिपके काढले. कमरेच्या दोन हाडांवरचे हिने, आतल्या बाजूच्या दोन घोट्यांवरचे मी. दर वेळी तेच बिंदू.

भिंगरी हसून हसून टेबलावरून पडायची बाकी होती. घोट्याला हात लावला की तिला गुदगुल्या होतात.

"बाबा, मी काय पंपाचं झाकण आहे?"

माप आलं तेवीस. बाईंचा इंच बरोबर होता म्हणायचा.

बूटवाल्याला सात सूत सांगून आलो. त्याने 'म्हटलं नव्हतं का!' असं म्हटलं नाही, पण चेहऱ्यावर होतं.

१५ फेब्रुवारी, रविवार

तेवीस.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

ऑफिसात मोठ्या साहेबांनी फर्मान काढलं आहे. पंपांची जुनी ड्रॉइंग इंचात आहेत, ती सगळी पावसाळ्याआधी मिलिमीटरमध्ये हवीत. मी म्हटलं, होतील. साहेब म्हणाले, "इंचाला पंचवीस धरा म्हणजे लवकर उरकेल." मी म्हटलं, पंचवीस पूर्णांक चार. साहेब म्हणाले, "त्या पॉइंट चारने कुणाचं काय अडतंय?"

या उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना कोण समजावणार! एका इंचात चार दशांश चुकले तर आठ इंचांवर तीन मिलिमीटरपेक्षा जास्त चुकतात. भोकासमोर भोक येणार नाही, बोल्ट आत जाणार नाही. तीन मिलिमीटर काय असतात ते मला विचारा.

१ मार्च, रविवार

साडेबावीस! मी दोनदा मोजलं. सकाळी तोंड पाडून बसलेला माणूस संध्याकाळी सगळ्यांना बाहेर जेवायला घेऊन गेला. मी लहानपणी पट्टीने तलवारबाजी करायचो आणि मास्तर त्याच पट्टीने मला मोजायचे, ती गोष्ट सांगितली. भिंगरी पोट धरून हसली. हीसुद्धा हसली, आणि ही गोष्ट तिने निदान वीस वेळा ऐकली आहे.

८ मार्च, रविवार

चोवीस. तीन वेळा मोजलं. चोवीस, चोवीस, साडेतेवीस.

काही लिहावंसं वाटत नाही.

१० मार्च, मंगळवार

ही आज कडाडली. मी रविवारपासून घरात तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो आहे म्हणे. जेवताना ताटाकडे बघतो म्हणे. पोरगी काही विचारते आणि मी 'हं' म्हणतो म्हणे.

मी म्हटलं, "माझ्या डोक्यात काय चाललंय ते तुला कळायचं नाही."

"तुमच्या डोक्यात आकडा चाललाय. पोरगी समोर बसलीय."

आता मी पोरीचाच विचार करतोय की आणखी कुणाचा? आणि हिचं मोजमाप म्हणजे काय, तर बोटभर. फ्रॉक घातल्यावर भिंगरीची कंबर तिरकी पडते आणि घेर एका बाजूला लोंबतो, म्हणून ही त्या बाजूची दुमड बोटभर जास्त घालून शिवते. विचारलं की तर्जनी आडवी धरून दाखवते, "फरक एवढा." कुणाचं बोट? माझं की तिचं? बोटागणिक माप बदलेल. हे ऐकून तिने ते बोट माझ्या दिशेने रोखलं आणि दुसरंच काहीतरी बोलली. ते इथे लिहीत नाही.

भिंगरी शेजारच्या खोलीत अभ्यास करत होती. दार लोटलेलं होतं, त्यामुळे तिला काही ऐकू गेलं नसावं.

१५ मार्च, रविवार

बावीस! मागच्या रविवारी माझाच हात हलला असणार.

ठिपके फिके होत चालले होते. कमरेचे हिने पुन्हा गडद केले. घोट्यांचे करायला मी पेन घेऊन गेलो तर भिंगरीने आधीच केलेले. म्हणाली, "तुम्ही केले की गुदगुल्या होतात. यापुढे माझे मी करीन." पोर शहाणी झाली. आपलं काम आपण करायची सवय चांगलीच.

२९ मार्च, रविवार

एकवीस. हाड चिडलंय, भराभर वाढतंय! डॉक्टर म्हणाले होते तसंच. शिवाय मी तिला सकाळ-संध्याकाळ पाय ताणायला लावतो, त्याचाही हातभार असणार. ही म्हणते पाय म्हणजे काय रबर आहे का. म्हणू दे.

जेवताना साहेबांची नक्कल करून दाखवली. 'त्या पॉइंट चारने कुणाचं काय अडतंय?' भिंगरी म्हणाली, "पुन्हा करा." चार वेळा केली.

माझं निळं पेन सापडत नाही. या घरात एक वस्तू जागेवर राहील तर शपथ.

६ एप्रिल, सोमवार

जे व्हायचं तेच झालं. नव्या मापाचं पहिलं झाकण आलं आणि पंपावर बसेना. पहिलं भोक जुळलं, दुसरं जुळल्यासारखं वाटलं, शेवटचं पार सरकलेलं. साहेबांनी कारागिरांना सांगितलं, "जरा ठोकून बसवा." ठोकून! मी तिथेच सगळ्यांसमोर म्हणालो, "साहेब, तुम्हाला हवा असलेला आकडा घेऊन झाकण बसत नसतं. आहे तो आकडा घ्यावा लागतो." साहेब लाल झाले. पण पंचवीस पूर्णांक चारला परवानगी मिळाली.

घरी येऊन हे सगळं अभिनयासकट सांगितलं. ही म्हणाली, "अगदी खरं बोललात." आणि मग उगाचच माझ्याकडे बघत राहिली.

१२ एप्रिल, रविवार

वीस! सीमेवर आलो.

भिंगरीला आता बोलवावं लागत नाही. मी टेप काढायच्या आत टेबलावर आडवी होते आणि माप वाचताना माझ्या तोंडाकडे बघत राहते. टेपकडे बघतच नाही. म्हटलं, "अगं, आकडा तिकडे आहे." तर म्हणते, "मला इकडे दिसतो."

१८ एप्रिल, शनिवार

बूटवाल्याशी वाजलं. सात सुतांची टाच आता जास्त होत असणार, म्हणून म्हटलं एक सूत तासून टाक. सहा कर.

तो भिंगरीला म्हणाला, "बाळ, जरा चालून दाखव." ती चालली.

"साहेब, सातवर बरी चालते."

"चालायचं मला सांगू नकोस. माझ्याकडे माप आहे."

"सुतावरून स्वर्ग गाठू नका साहेब. दोन-तीन महिने घालू दे की आहेत ते."

हा म्हणे मला सुतावरून स्वर्ग शिकवणार! मागच्या महिन्यात यानेच माझ्या स्वतःच्या बुटाला उलटी पट्टी लावून दिली होती. मी आवाज चढवला, तेव्हा त्याने तासणी हातात घेतली. भिंगरी म्हणाली, "काका, बाबा म्हणतात तेवढंच करा." त्याने केलं. मग दुकानाच्या दारात भिंगरीने गिरकी घ्यायचा प्रयत्न केला आणि शटर धरून उभी राहिली. हसत होती.

२६ एप्रिल, रविवार

अठरा.

अठरा! आता फिल्म काढा नाहीतर सिनेमा काढा. माझ्या पोरीच्या चांगल्या पायाला कुणी हात लावणार नाही. मी टेप गुंडाळून ठेवला आणि तिला उचलून घेतलं. भारी झालीय आता. माझ्या खांद्यावर तोंड ठेवून म्हणाली, "खूश ना?" म्हटलं, हा काय प्रश्न झाला!

९ मे, शनिवार

आनंदात विरजण टाकायचं तर हिच्याकडून शिकावं. भिंगरीचा नवा फ्रॉक शिवते आहे, त्याची त्या बाजूची दुमड पुन्हा बोटभर जास्त. म्हटलं, आता पाच मिलिमीटर कमी घाल, फरक कमी झालाय.

"फरक आहे तेवढाच आहे."

"अगं, दर आठवड्याला मोजतोय मी. पोलादी टेपने."

"मी दर आठवड्याला तिला कपडे घालतेय."

बोट विरुद्ध पोलाद. या वादात मी पडणार नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

भिंगरी मध्येच म्हणाली, "आई, बाबा म्हणतात तशी शीव ना." हिने सुई खाली ठेवली आणि तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मायलेकींचं काहीतरी चाललेलं असतं, मला ताकास तूर लागू देत नाहीत.

२४ मे, रविवार

साडेसतरा. भिंगरी दुपारी गरम पाण्याची पिशवी कमरेखाली घेऊन पडली होती. विचारलं तर म्हणाली खूप खेळले. खेळते आहे हे चांगलं लक्षण.

२२ जून, सोमवार

चोवीस.

मोठ्या हॉस्पिटलातली मापाची फिल्म. चोवीस मिलिमीटर. मी फिल्म काढणाऱ्याशी भांडलो. म्हटलं, फिल्मवर आकृती मोठी दिसते, मी ड्राफ्ट्समन आहे, मला प्रमाण शिकवू नका. त्याने शांतपणे फिल्म उजेडासमोर धरली. पायांच्या मधोमध एक पट्टी होती, तिच्या खुणा हाडांबरोबरच उमटल्या होत्या. "हाड मोठं दिसलं तर पट्टीही तेवढीच मोठी दिसणार ना? तुम्हीच मोजा." मी मोजलं. दोनदा. चोवीस.

म्हटलं, मग तुमची पट्टी चुकीची आहे. काल मी घरी सतरा मोजले आहेत. त्याने पुढच्या पेशंटला हाक मारली.

डॉक्टर म्हणाले, आता थांबण्यात अर्थ नाही, जुलैत करून टाकू. आणि म्हणाले, "हिची पाठ दुखत असणार. बुटाची टाच कमी कुणी केली?"

मी केली असं मी सांगितलं. भिंगरी खिडकीतून बाहेर बघत होती.

इथे आत्ता लिहितानाही माझं डोकं चालत नाहीये. सतरा आणि चोवीस. सात मिलिमीटर. एक-दोन मिलिमीटर माझ्या हाताने चुकले असतील, मान्य. सात? मी? पोलादी टेपने?

२३ जून, मंगळवार

आज कामावर गेलो नाही. सकाळी भिंगरीला टेबलावर यायला सांगितलं. म्हणाली, "आज रविवार नाही." म्हटलं, ये.

टेप काढलाच नाही. टेप नंतर, आधी बिंदू. डोळे मिटून अंगठ्याने तिच्या डाव्या घोट्याचं हाड चाचपलं. अंगठा थांबला तिथेच ठिपका. मग उजवा. हाड लागलं, अंगठा थांबला, डोळे उघडले. ठिपका अंगठ्याखाली नव्हता. तो हाडाच्या खाली होता, मऊ भागावर. खाली म्हणजे किती, ते मोजायची गरज नव्हती.

तिला गुदगुल्या झाल्या नाहीत. पाय ताठ धरून ती छताकडे बघत होती.

"हा इथे कसा आला?"

"पुसला गेला होता. परत काढला."

"हाडाच्या खाली?"

"थोडासाच खाली. दर वेळी थोडासाच."

ही दारात येऊन उभी राहिली होती. मी तिला हाताने थांबवलं. मी रागावलो नव्हतो, हे मला इथे लिहून ठेवायचंय, कारण भिंगरीला तसं वाटलं आणि तिने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली.

"ऑपरेशनची भीती वाटली म्हणून?" मी विचारलं.

तिने मान हलवली. नाही.

"मग?"

"अठरा आलं की तुम्ही जेवताना बोलता."

ती उठून बसली आणि भराभर बोलायला लागली. "चोवीस आलं होतं तेव्हा तुम्ही कुणाशीच बोलत नव्हता. आईशीपण नाही. मला वाटलं एकदाच थोडं खाली काढावं. मग बावीस आलं आणि तुम्ही बोललात. मग पुढच्या वेळी परत तेवढंच आलं असतं, म्हणून अजून थोडं."

"आणि पाठ?"

"दुखायची. पण सांगितलं असतं तर तुम्ही परत नीट मोजलं असतं."

मी तिचा पाय हातात धरून टेबलाशी उभा होतो आणि मला रडू फुटलं. मुलीसमोर मी कधी रडलो नव्हतो. साहेबाला तोंडावर सांगून आलो होतो, हवा असलेला आकडा घेऊन झाकण बसत नाही. आणि माझी मुलगी मला हवा असलेला आकडा दर रविवारी आपल्या अंगावर काढून देत होती. वर दुखणंही सोसत होती. मी मात्र खूश! तिच्या तोंडाकडे एकदा जरी बघितलं असतं तरी कळलं असतं. ती बघत होतीच माझ्याकडे.

ही आत आली, ओला टॉवेल घेऊन. म्हणाली, "मला काहीतरी आहे एवढं कळत होतं. हे नव्हतं कळलं." मी चारही ठिपके पुसायला घेतले. न पुसणारी शाई ती, नुसती फिकी झाली.

भिंगरी म्हणाली, "पेन माझ्या कंपासपेटीत आहे. देऊ?"

२४ जून, बुधवार

बूटवाल्याकडे गेलो. म्हटलं, परत सात कर. तो वैतागला. "चढवा, उतरवा, परत चढवा. बूट आहे की शिडी? आता नवीनच टाच घालावी लागेल." मी म्हटलं, चूक माझी होती. यावर त्याने मला बसायला स्टूल दिलं. भिंगरीने बूट घातले आणि दुकानात एक फेरी मारली. मी तिच्या पायाकडे बघत होतो, मग आठवण झाली आणि चेहऱ्याकडे बघितलं.

"बरं वाटतंय?"

"हो."

"खरं सांग."

"डावीकडे जरा चावतोय," ती म्हणाली. बूटवाल्याने शिव्या घालत तो भाग सैल करून दिला.

रात्रीच्या जेवणाला मी ठरवून बोलायला बसलो आणि एक विषय सुचेना. हवा, बस, शेजाऱ्यांचं कुत्रं. ही हसू दाबत होती. शेवटी भिंगरीच म्हणाली, "बाबा, राहू दे. गप्प बसलात तरी चालेल." पण मला ते चालणार नाही. सवय लागेपर्यंत कुत्र्यावर बोलेन.

५ जुलै, रविवार

मोजलं नाही. हात शिवशिवत होते. टेप ऑफिसात नेऊन ठेवला.

१२ जुलै, रविवार

आज तिने विचारलं, ऑपरेशन दुखतं का? मी 'अजिबात नाही' म्हणणार होतो. जीभ चावली. म्हटलं, दुखेल, काही दिवस दुखेल, मग कमी होत जाईल. तिने विचारलं, किती दुखेल? मी म्हटलं, ते मोजायला माझ्याकडे काही नाही, तूच मला सांगत जा. तिने 'बरं' म्हटलं, आणि मग रडली. ऑपरेशनची भीती तिला आधीपासूनच होती. माझ्यापुढे ती मांडायला जागा नव्हती, एवढंच.

२० जुलै, सोमवार

सकाळी आत न्यायच्या आधी डॉक्टर खोलीत आले. खिशातून पेन काढलं आणि तिच्या डाव्या गुडघ्यावर बाणाची खूण केली. पाय चुकू नये म्हणून ऑपरेशनच्या आधी खूण करतातच म्हणे. शाई निळी. मी ते बघत उभा होतो. त्या चांगल्या पायावर, जिथे मी कुणाला हात लावू देणार नव्हतो.

भिंगरीने मान उचलून गुडघ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाबा, हा मी नाही काढला हं."

डॉक्टरांना काही कळलं नाही. ही खुर्चीत तोंडावर पदर धरून हसायला लागली, मीही हसलो, आणि हसता हसता माझे डोळे वाहायला लागले तेव्हा भिंगरी म्हणाली, "बघा ना, बरोबर जागेवर आहे का." मी अंगठ्याने गुडघा चाचपला. म्हटलं, बरोबर आहे.

मग तिला आत नेलं. बाहेर बाकावर हिने माझा हात धरला आणि म्हणाली, "बोला की काहीतरी." मी बोलत बसलो. पट्टीची तलवारबाजी, साहेब, कुत्रं, सगळं सांगितलं. ही ऐकत होती की नाही माहीत नाही, पण हात सोडला नाही.

सगळं नीट झालं, असं डॉक्टरांनी सांगितलं. दोन्ही पाय सारखे व्हायला वर्षं लागतील, आणि अगदी सारखे होतीलच असंही नाही. मी किती फरक राहील ते विचारलं नाही.

आता दुपार आहे. ती झोपली आहे, ओठ थोडे सुकलेत. जागी झाली की हलकं काहीतरी खायला देतील, असं नर्स सांगून गेली. तेव्हा तिला काय काय सांगायचं ते मी आठवून ठेवतो आहे.